घाण्याचा बैल आणि शनिवार

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. आधीच सांगून टाकते, मी काही धर्मशास्त्राची पदवीधर नाही. मराठी ख्रिस्ती घरात वाढले, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते, एवढाच काय तो माझा अधिकार. तेव्हा मंडळी (म्हणजे वाचणारी मंडळी, चर्चची नव्हे!), जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

आमच्याकडच्या उपदेशांत एक जोडी कायमची ठरलेली असते. एका बाजूला नियमशास्त्र, दुसऱ्या बाजूला कृपा. यहूदी लोक नियम पाळून देवाकडून तारण कमवायला बघतात, आपल्याला मात्र ते विश्वासाने फुकट मिळालं. हे इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणता येईल. 'परूशी' हा शब्द तर आमच्यात जवळजवळ शिवीसारखा वापरतात. कोणी जरा शिस्तीचा आग्रह धरला की लगेच, "फार परूशीपणा करू नका."

मला या जोडीबद्दल शंका यायला लागली त्याचं कारण मात्र पुस्तकी नाही. लहानपणी आमच्या शेजारी एक बेने इस्राएल आजी राहायच्या. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागला की त्यांचं घर जणू दुसऱ्याच गावात जायचं. स्वयंपाक आधीच झालेला, चादरी बदललेल्या, आणि आजी शांत बसलेल्या. "आजी, तुम्हाला शनिवारी काम करायला बंदी आहे ना?" असं मी एकदा विचारलं. त्या हसून म्हणाल्या, "बंदी कसली गं? त्या दिवशी मला कोणी कामाला लावू शकत नाही!" आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्या बाईच्या तोंडून ते वाक्य कसं ऐकू येतं, हे मोठं झाल्यावर कळलं.

बेने इस्राएलांची गोष्ट आपल्या कोकणातली आहे, तरी आपल्याला फारशी माहीत नसते. अलिबागजवळ नवगावला त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि मोजकीच जोडपी वाचली, असं त्यांची परंपरा सांगते. पोथ्या समुद्रात गेल्या. इतर यहूद्यांशी संबंध तुटला. गावोगाव ते तेल गाळायचा धंदा करू लागले आणि लोकांनी त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली', कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. पुस्तक नाही, धर्मगुरू नाही, मंदिर नाही, पण शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम आणि 'शमा' ही प्रार्थना एवढं त्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळलं. डेव्हिड राहाबी नावाचा यहूदी त्यांच्याकडे आला आणि त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले, अशीही एक आख्यायिका आहे. बायकांनी पर आणि खवले दोन्ही असलेले मासे वेगळे काढले, बाकीचे बाजूला सारले. त्यावरून त्याने ओळखलं, ही आपलीच माणसं. लेवीयचा अकरावा अध्याय वाचून नव्हे, हातांना माहीत होता म्हणून.

आता सांगा, याला नियम म्हणायचं की विश्वास? हातावर पोट असलेला तेली आठवड्याच्या कमाईतला एक दिवस सोडून देतो, तेही असं का करायचं हे सांगणारं पुस्तक घरात नसताना. मला तर यापेक्षा मोठा विश्वास सुचत नाही.

आणि त्या घाण्याचा बैल! 'घाण्याचा बैल' म्हणजे आपल्याकडे न संपणारे कष्ट. पण शनिवार तेल्याच्या घरचा बैल शनिवारी उभा राहायचा. हे नुसतं माझं रंगवणं नाही. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा आहे, तिथे दास-दासींच्या जोडीला बैल आणि गाढव यांचाही उल्लेख आहे. कारणही दिलंय, तुम्ही मिसरात गुलाम होता हे विसरू नका म्हणून. (निर्गमात याच आज्ञेचं कारण वेगळं आहे, तिथे सृष्टीच्या उत्पत्तीची आठवण आहे.) म्हणजे ज्याला सुट्टी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, त्याला सुटकेनंतर सुट्टी मिळाली, आणि ती त्याने बैलालाही द्यायची.

'नियमशास्त्र' या शब्दानेच अर्धा घोटाळा केलाय असं मला वाटतं. मूळ हिब्रू शब्द तोरा, त्याचा अर्थ शिकवण, वाट दाखवणं. ग्रीकमध्ये जाताना त्याचा 'नोमोस' झाला, म्हणजे कायदा, आणि आपल्यापर्यंत नियमशास्त्र. कायदा म्हटलं की डोळ्यांपुढे कोर्ट आणि दंड येतो. पण यहूदी लोक सिम्हात तोराच्या दिवशी तोराची गुंडाळी हातात घेऊन नाचतात. डोक्यावरचं ओझं घेऊन कोणी नाचत नाही.

प्रभू येशूने शब्बाथवारी आजारी बरे केले, ही गोष्ट सांगताना आम्ही असं चित्र उभं करतो की यहूदी धर्म माणूस मेला तरी चालेल पण शब्बाथ मोडू देणार नाही. हे खरं नाही. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावाच, असा तालमूदचा स्पष्ट निर्णय आहे. वाद होता तो जीव धोक्यात नसताना काय करायचं याचा. वाळलेल्या हाताचा माणूस उद्यापर्यंत थांबू शकला असता. येशूचं म्हणणं, का थांबायचं? हा घरातला वाद होता, एकाच शास्त्रावर प्रेम करणाऱ्यांचा. आपण तो भिंतीपलीकडून ऐकला आणि भांडण समजलो.

मग पौलाचं काय? गलतीकरांस पत्र तर आगीसारखं आहे. पण ते कशावरून पेटलं ते बघा. अंत्युखियात पेत्र विदेशी विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. याकोबाकडची माणसं आली तसा तो मागे सरला, पंगत सोडली. बर्णबाही त्याच्या मागे गेला. पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर सुनावलं. आम्हा मराठी ख्रिस्त्यांना हा प्रसंग कळायला भाष्यग्रंथ लागू नये. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाईंना सोवळ्याओवळ्याशी किती झगडावं लागलं ते 'स्मृतिचित्रे' वाचलेल्याला ठाऊक आहे. पंगतीतून उठणं म्हणजे काय, हे आपल्या रक्तात आहे. मात्र इथे एक सांगायलाच हवं. यहूद्यांचे खाण्याचे नियम म्हणजे जातीचे नियम नव्हेत. ते समोरच्याला जन्माने हीन ठरवत नाहीत, मी कोणाचा आहे याची आठवण ठेवतात. पौलाचा प्रश्न नियम वाईट का चांगले हा नव्हताच. विदेश्याला देवाच्या घरात यायला आधी यहूदी व्हावं लागेल का, हा होता. त्याचं उत्तर होतं, नाही. अब्राहामाचा विश्वास देवाने आधी मान्य केला, सुंता नंतर झाली, हा त्याचा मुद्दा.

पुढे शतकानुशतकं त्या उत्तराचा अर्थच बदलत गेला. लूथरने पौलाचं पत्र आपल्या काळच्या चर्चशी भांडताना वाचलं आणि परूशांच्या जागी त्याला ते चर्च दिसू लागलं. त्याच्याकडून आपल्याला कृपेचा केवढा मोठा ठेवा मिळाला, हे मी विसरत नाही. पण त्याच लूथरने १५४३ साली यहूद्यांविरुद्ध पुस्तक लिहून त्यांची सभास्थानं जाळावीत असा सल्ला दिला, हेही विसरता येत नाही. १९३८च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत ती खरोखर जळली. व्यासपीठावरून सहज बोललेल्या त्या जोडीची मला भीती वाटते ती यामुळे. १९७७ साली ई. पी. सँडर्स या अभ्यासकाने त्या काळचं यहूदी लिखाण धुंडाळून मांडलं की करारात प्रवेश देवाच्या कृपेनेच होतो असंच ते लोक मानत होते, नियम पाळणं हे त्या करारात राहणं होतं. सँडर्सच्या सगळ्याच गोष्टी सर्वांना पटल्या नाहीत, पण त्यानंतर जुनं चित्र तसंच्या तसं उभं करणं अवघड झालं.

याचा अर्थ दोन्ही सारखंच, असं मी म्हणत नाहीये. तसं म्हणणं आजींचाही अपमान होईल आणि माझाही. मी ख्रिस्ती आहे ते येशूमुळे. चांगलं काय ते कळूनही माझ्या हातून होत नाही, हे पौलाचं दुखणं माझंही आहे, आणि त्यावर मला क्रूसाखेरीज औषध सापडलेलं नाही. आजी ऐकून म्हणाल्या असत्या, पश्चात्ताप कर, देव क्षमा करतो, तोरातच आहे ते. इथे आमच्या वाटा वेगळ्या होतात. एकोणिसाव्या शतकात डॉ. जॉन विल्सनसारख्या मिशनऱ्यांनी बेने इस्राएलांसाठी शाळा काढल्या, हिब्रू शिकवलं, जुना करार मराठीत हातात दिला. त्यातले फार थोडे ख्रिस्ती झाले. उलट हरवलेलं पुस्तक परत मिळाल्यावर ते अधिक पक्के यहूदी झाले! मिशनऱ्यांना वाईट वाटलं असेल. मला, खरं सांगू, आनंद होतो.

पौलाची रोमकरांस पत्रातली जैतुनाची उपमा मला फार आवडते. कोकणातला कोणताही बागायतदार ती वाचून हसेल. आपण रायवळ रोपावर हापूसची काडी बांधतो. पौल उलटं सांगतो, चांगल्या झाडावर रानटी फांदीचं कलम. हे नेहमीच्या रीतीविरुद्ध आहे हे त्यालाही माहीत होतं. आम्ही विदेशी म्हणजे ती रानटी फांदी. आणि फांदीने मुळापुढे मिरवू नये, हेही त्याने तिथेच बजावलंय. हा भाग उपदेशात फारसा येत नाही, का कोण जाणे.

असो. माझी भाची माझ्याच वर्गात आहे. मध्यंतरी तिने विचारलं, "मावशी, आपण नियमाखाली नाही, तर मग दहा आज्ञा पाठ कशाला करायच्या?" आम्ही शिकवतो त्या दहा आज्ञा 'दुसरे देव नकोत' पासून सुरू होतात. त्याच्या आधीचं वाक्य, मीच तुम्हाला मिसरातल्या गुलामगिरीतून बाहेर काढलं असं देव सांगतो ते, आम्ही प्रस्तावना म्हणून सोडून देतो. यहूदी परंपरेत मात्र तेच पहिलं वचन मोजतात. त्यात आज्ञा अशी काहीच नाही, नुसतं सोडवल्याचं सांगणं आहे. येत्या रविवारपासून मुलांकडून ते वाक्यही पाठ करून घ्यायचं ठरवलंय. भाची लगेच बोटं मोजून म्हणाली, "मग अकरा होतील!" होत नाहीत. त्यांच्याकडे दुसरे देव आणि मूर्ती या दोन्हींची मिळून एकच धरतात.