एवढ्याशा पाण्यात

संतकाव्य शिकवताना मासोळीचा दृष्टान्त येतोच. पाण्यावाचून तडफडणारी मासोळी म्हणजे विरही भक्त आणि पाणी म्हणजे परमेश्वर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवताना हे समीकरण मी १४ वर्षे फळ्यावर मांडत आलो. ते अपुरे आहे, हे मला बोटाएवढ्या एका माशाने शिकवले.

हा मासा म्हणजे बेट्टा, सयामी झुंजार मासा. लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला आणला. निळाजांभळा, पदरासारखे लांब पर. दुकानात असे दहाबारा मासे प्लास्टिकच्या पेल्यांत वेगवेगळे ठेवलेले होते, कारण दोन नर समोरासमोर आले की कल्ले फुलवून भिडतात. दुकानदार म्हणाला, "याले काहीच लागत नाही, सर. पंप नाही, फिल्टर नाही. एवढ्याशा पाण्यात जगते." एप्रिल संपत आला होता. मे महिन्यात तासिका नसतात, म्हणून मानधनही नसते. काहीच न लागणारा प्राणी मला त्या घटकेला फार सोयीचा वाटला. दोन लिटरच्या काचेच्या बरणीत तो आमच्याकडे राहू लागला.

चंद्रपूरचा मे महिना कसा असतो हे इकडच्यांना सांगायला नको. पारा ४५ अंशांपुढे जातो, भिंती रात्रीही तापलेल्या असतात. बरणीतले पाणी दुपारी हाताला कोमट लागे. मासा तळाशी पडून राही, मधूनच वर येई, हवेचा घोट घेई आणि पुन्हा खाली जाई. पर आक्रसले, कडा फाटल्यासारख्या दिसू लागल्या. लेकीने विचारले, "बाबा, काही लागत नाही म्हणजे काय? मागता येत नाही म्हणून लागत नाही का?"

मग वाचायला बसलो. इंग्रज मत्स्यशास्त्रज्ञ रीगन याने १९१० मध्ये या माशाचे 'बेट्टा स्प्लेन्डेन्स' असे नामकरण केले. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर ठरवले. त्याचे मूळ घर तिथली दलदल आणि भातखाचरे, म्हणजे आपल्या मूल-सिंदेवाहीकडच्या बांध्यांसारखीच जागा. पाणी उथळ, पण पसरलेले. अशा साचलेल्या, उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणून कल्ल्यांच्या वर याला घड्याघड्यांचे एक निराळे इंद्रिय असते आणि तो थेट हवेतून श्वास घेतो. पृष्ठभागाकडची वाट बंद केली तर हा मासा पाण्यात गुदमरून मरतो! आमच्या दृष्टान्ताला हे कुठे ठाऊक होते?

पण हवा मिळाली म्हणजे सगळे मिळाले असे नाही. थोड्या पाण्यात त्याच्याच विष्ठेतून निघणारा अमोनिया लवकर साठतो आणि ते पाणी तापतेही लवकर. बरणीत तो मरत नव्हता, इतकेच. संकटासाठी मिळालेली शक्ती आम्ही त्याची गरज ठरवून टाकली होती.

हे वाचताना मला एक जुने वाक्य आठवले. काही वर्षांपूर्वी थकलेल्या मानधनाविषयी विचारायला गेलो, तेव्हा एक वरिष्ठ कौतुकाने म्हणाले होते, "तुमचे बरे आहे, तुम्ही कसेही भागवून घेता." ती स्तुती समजून मी हसलो होतो. घरी येऊन बायकोलाही सांगितले होते. ती हसली नव्हती.

एका परिचिताकडून २५ लिटरची जुनी टाकी आणली. मंद वाहणारा स्पंजचा फिल्टर बसवला. नळाचे पाणी क्लोरीन काढून थोडे थोडे बदलू लागलो. टाकी कूलरच्या वाऱ्यात ठेवली. वाऱ्याने पाणी गार राहते, मात्र पातळी रोज उतरते, ती भरावी लागते. मासा उडी मारतो म्हणून वर जाळीचे झाकण. जूनच्या अखेरीस पर पुन्हा पसरले. एका सकाळी कोपऱ्यात बुडबुड्यांचे घरटे दिसले. अंडी नसली, मादी नसली तरी नर ते बांधतो; ते सुखाचेच लक्षण मानू नये, असे जाणकार सांगतात. तरी आम्ही तिघेही बराच वेळ पाहत उभे राहिलो.

यंदा मासोळीचा दृष्टान्त आला तेव्हा मी वर्गात हा मासाही सांगितला. मासा पाण्यात जगतो खरे, पण किती पाण्यात, हे दृष्टान्त विचारत नाही, असे काहीसे बोललो. मागच्या बाकावरून तलावाकाठच्या गावातली एक मुलगी म्हणाली, "सर, आपली मरळ बी वर येते हवा घ्यायले." मी म्हटले, "हो का?"

"हो सर. म्हणून तं तिले बाजारात घमेल्यात ठेवतात."