क्योज्जातले आडवारचे जेवण

व्हेनिस पाहून आलेली माणसे आपल्याला पुष्कळ भेटतात. परंतु त्याच खाडीच्या दक्षिण टोकाला असलेले क्योज्जा पाहून आलेला मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही. प्रवासी कंपन्यांच्या यादीत हे गाव सहसा नसते, आणि एका अर्थी ते बरेच आहे. व्हेनिसला लोक पाहायला जातात. क्योज्जाला लोक राहतात, जाळी विणतात, भांडतात आणि मासे विकतात. 2023 च्या ऑक्टोबरात मी तेथे पाच आठवडे राहिले, ती मुलीपाशी. ती त्या गावी सागरी जीवशास्त्राचे संशोधन करते.

व्हेनिसहून तेथे जाण्याचा सरळ रस्ता बसचा, तासाभराचा. पण मुलगी म्हणाली, "आई, पहिल्यांदा येतेस तर पाण्याने ये." म्हणून आम्ही बोटीने लिडो बेटावर गेलो आणि तेथून बसमध्ये बसलो. गंमत अशी, की ही बस बेटाच्या टोकाला पोहोचली, की उतारूंसह सरळ एका तरीवर चढते आणि पलीकडच्या पेलेस्त्रीना बेटावर उतरून पुन्हा धावू लागते. पेलेस्त्रीना म्हणजे समुद्र आणि खाडी यांच्यामधली जमिनीची एक अरुंद पट्टी. एका बाजूस 1782 साली पूर्ण झालेला प्रचंड दगडी बांध, दुसऱ्या बाजूस कोळ्यांची रंगीत घरे आणि दारापुढे वाळत घातलेली जाळी. शेवटची बोट आपल्याला क्योज्जाच्या व्हिगो चौकात आणून सोडते.

त्या चौकातील खांबावर व्हेनिसचा सुप्रसिद्ध पंखांचा सिंह बसलेला आहे. मात्र तो इतका लहानखुरा आहे, की सगळे त्याला 'मांजर' म्हणतात, आणि क्योज्जाच्या माणसाला हे ऐकून राग येतो. गावाची रचना मोठी मनोरम आहे. मधोमध एक रुंद रस्ता, त्याला समांतर कालवे, आणि दोन्ही अंगांनी काटकोनात निघालेल्या असंख्य अरुंद गल्ल्या. वरून पाहिले तर हुबेहूब माशाचा सांगाडा! कोळ्यांच्या गावाने नकाशाही आपल्या धंद्याला साजेसा करून घ्यावा, याचे मला कौतुक वाटले. नाटककार गोल्दोनीने तारुण्यात येथील फौजदारी कचेरीत नोकरी केली होती. पुढे 1762 साली त्याने येथल्या कोळिणींच्या भांडणांवर एक प्रहसन लिहिले. ते आजही रंगभूमीवर येते, आणि बाजारात उभे राहिले म्हणजे ते अजून चालूच आहे असे वाटते.

हा बाजार 1322 साली बांधलेल्या धान्यकोठाराच्या मागे, कालव्याच्या काठी भरतो. वर लाल कापडाची छते, खाली बर्फावर मांडलेली मासळी. सोमवारी बाजार बंद. इतर दिवशी सकाळी. छतातून गाळून आलेल्या तांबूस उजेडात सगळी मासळी जरा अधिकच ताजी दिसते. ही विक्रेत्यांची युक्ती असावी, असा माझ्या बेळगावी मनाला संशय आला! माझे माहेर गोव्याचे. घाट चढून आलेली मासळी बेळगावात पोहोचेपर्यंत तिची परीक्षा कशी करावी, हे आम्हा बायकांना पहिल्या वर्षीच शिकावे लागते. मी कल्ले उचलून पाहू लागले, तेव्हा विक्रेता हसला आणि त्याने स्वतःच दुसरा मासा उलटून दाखवला. भाषा येत नसली तरी मासळीबाजारात माणूस मुका राहत नाही.

पण त्या वर्षी बाजारावर एक सावट होते. तिसऱ्यांचा ढीग एवढासा, भाव मात्र सोन्याचा. आणि शेजारी निळसर नांग्यांच्या मोठमोठ्या खेकड्यांचे ढीगच्या ढीग. हा निळा खेकडा मूळचा अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याचा. जहाजे तोल सांभाळण्यासाठी पोटात पाणी भरून घेतात आणि दुसऱ्या बंदरात सोडतात. त्या पाण्यातून तो इकडे आला असावा, असे मानतात. कित्येक दशके तो तुरळक दिसत असे. 2023 च्या उन्हाळ्यात मात्र पो नदीच्या मुखापासून या खाडीपर्यंत त्याची संख्या बेसुमार वाढली. एक मादी लाखो अंडी घालते, आणि तिसऱ्यांचे कोवळे शिंपले हा खेकडा नांगीने सुपारीसारखा फोडून खातो. ज्यांनी तिसऱ्यांची पैदास हाच संसार मानला होता, त्यांची वाफेच्या वाफे रिकामी झाली. इटलीच्या सरकारने त्या ऑगस्टमध्ये खेकडे पकडण्यासाठी 29 लाख युरो मंजूर केले.

मुलगी ज्या संस्थेच्या केंद्रात काम करते, त्या केंद्राला उंबेर्तो द'अँकोना या प्राणिशास्त्रज्ञाचे नाव आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात एड्रियाटिक समुद्रात मासेमारी थंडावली होती. त्या वर्षांचे बाजारातील आकडे तपासताना त्याला दिसले, की जाळ्यात शार्कसारख्या शिकारी माशांचे प्रमाण वाढले आहे. त्याने हे कोडे आपले सासरे, थोर गणिती व्हीतो व्होल्तेरा यांच्यापुढे ठेवले, आणि 1926 साली व्होल्तेरांनी भक्ष्य आणि भक्षक यांच्या चढउतारांची समीकरणे प्रसिद्ध केली. सासऱ्या-जावयाच्या बोलण्यातून एक शास्त्र उभे राहिले! मी मुलीला विचारले, "मग त्या समीकरणांप्रमाणे हा खेकडा पुढे कमी होईल ना?" ती म्हणाली, "समीकरणात खाडीला दार नसतं, आई. इथे तीन आहेत."

माझ्या पेटीत आमसुले होती, तिरफळे होती, सांडगी मिरच्या होत्या. आणि एक प्रश्नही होता. तो मी कोणाला दाखवला नव्हता. मुलीला तेथे सात वर्षे झाली होती. ती परत कधी येणार, हे विचारण्यासाठी तिच्या वडिलांनी मला पाठवले होते म्हटले तरी चालेल.

एका बुधवारी मी तिच्यासाठी साग्रसंगीत स्वयंपाक करायचे ठरवले. दिवसभर प्रयोगशाळेत उभी राहून ही पोर रात्री कोरडे काहीतरी खात असेल, अशी माझी समजूत होती. सकाळी बाजारातून दोन निळे खेकडे आणले, दीड पाव कोळंबी आणली. कुर्ल्या साफ करण्यात माझा हात बसलेला आहे. नांग्या आणि पेंदे वाफवून मांस काढून ठेवले. बारीक पाय कच्चेच लाकडी बत्त्याने कुटून, वाटीभर पाणी घालून, त्यांचा रस गाळून घेतला. आपल्याकडे कालवणात घालतात तसाच. नारळाची सोय मात्र होईना. साडेसात वाजता मुलगी आली, ओट्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आई, तू बस. आज मी करते. वीस मिनिटं लागतील. आणि यात नारळ घालायचा नाही हं!"

मी खुर्चीवर बसले. मुलीच्या घरी, मुलीच्या स्वयंपाकघरात, पाहुणी म्हणून बसण्याचा तो माझा पहिलाच प्रसंग.

दोघींसाठी तिने एकशे ऐंशी ग्रॅम स्पॅगेटी घेतली. एरवी शंभर ग्रॅमला लिटरभर पाणी घेतात. तिने मुद्दाम दीडच लिटर घेतले. पाणी खळखळल्यावर त्यात चमचाभर मीठ. दुसरीकडे पसरट कढईत तीन चमचे ऑलिव्हचे तेल, ठेचलेल्या लसणीच्या दोन पाकळ्या आणि एक सुकी मिरची. लसूण तांबूस होण्याआधीच काढून टाकली. कोळंबी दोन मिनिटे परतून बाजूला काढली, कारण ती अधिक शिजली की रबर होते. मग त्या तेलात पांढऱ्या द्राक्षमद्याचा अर्धा पेला. तो आटल्यावर मी गाळलेला खेकड्यांचा रस. रस पाच मिनिटे चांगला उकळला आणि कढीसारखा दाटून आला. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. ही युक्ती तिच्या पुस्तकात नव्हती.

मी म्हटले, "आता साय घालशील ना?" कारण अशा पदार्थाला इकडच्या हॉटेलांत साय घालतात, हे मी ऐकून होते. 1980 च्या सुमारास इटलीत सगळ्याच पदार्थांत साय ओतण्याची टूम निघाली होती. पण क्योज्जाच्या घरांत मासळीला साय नाही, आणि किसलेले चीज तर मुळीच नाही. मग दाटपणा कशाने येतो? मुलीने पळीभर ढवळे पाणी माझ्यासमोर धरले. पीठ सुटून गढूळ झालेले ते स्पॅगेटीचे पाणी पाहिले आणि मला हसू आले. ही तर आपली पेज! पाकिटावर दहा मिनिटे लिहिलेली स्पॅगेटी तिने आठव्या मिनिटाला उपसून कढईत टाकली, वर दोन पळ्या पेज घातली आणि मोठ्या आचेवर कढई सारखी हालवीत राहिली. पिठाच्या कणांमुळे तेल आणि पाणी वेगळे राहत नाहीत; दोन मिनिटांत सायीसारखा मऊ, चकचकीत रस प्रत्येक तंतूला लपेटला. शेवटी खेकड्याचे मांस, कोळंबी, चिरलेली पार्सली. ज्या घरी मद्य चालत नाही तेथे शेवटी थोडे लिंबू पिळावे. बेळगावला परतल्यावर मी तसेच करते, आणि काही उणे पडत नाही.

आम्ही दोघी खिडकीशी बसून जेवलो. खाली कालव्यात धुके उतरत होते. सणवाराचे जेवण नव्हते, कोणाचा वाढदिवस नव्हता. आडवारचे साधे जेवण होते. माझी मुलगी येथे निभावून नेत नव्हती, तर राहत होती, हे मला त्या ताटावर कळले.

जेवता जेवता मी म्हटले, "या खेकड्याने बिचाऱ्यांच्या तिसऱ्या खाल्ल्या. परका तो परकाच." ती म्हणाली, "आई, ज्या तिसऱ्यांसाठी सगळे रडतायत, त्यासुद्धा इथल्या नाहीत. 1983 साली पूर्वेकडच्या समुद्रातली जात आणून या खाडीत सोडली. ती इतकी वाढली, की इथली जुनी जात मागे पडली. आता तीच इथली झालीय."

चाळीस वर्षे! सासरचे आमचे घराणे गोव्याहून बेळगावात आले त्याला शंभर वर्षे होऊन गेली, तरी अजून कोणी ना कोणी विचारतेच, "तुम्ही मूळचे कुठले?" मी पेटीतला प्रश्न पेटीतच राहू दिला. तिला तो ठाऊक होता असे मला वाटते, कारण भांडी विसळताना ती आपण होऊन म्हणाली, "मे महिन्यात येईन. पण महिनाभरच."

खालच्या मजल्यावर एक वृद्ध दांपत्य राहते. तिसऱ्यांच्या वाफ्यांवर त्यांचा सगळा संसार चालला होता. निळा खेकडा घरात येऊ द्यायचा नाही, असा त्या गृहस्थांचा निश्चय असल्याचे मुलीने मला सांगितले होते. तरीही कढईत दोघांपुरते उरले होते, आणि शेजारी दिवा दिसत असताना उरलेले झाकून ठेवणे मला जमेना. मी ताटली भरून खाली गेले. दार बाईंनी उघडले. मी बोटांनी नांगी करून दाखवली, म्हणजे नंतर फसवणूक वाटू नये. त्यांनी मागे वळून पाहिले, थोडा वेळ थांबल्या आणि ताटली घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या दाराशी होती. घासून लखलखीत केलेली, आणि तिच्यावर क्योज्जाच्या प्रसिद्ध जांभळ्या रादिक्यो भाजीचा एक गच्च गड्डा. रिकामे भांडे परत करू नये, हा नियम कोणी कोणाला शिकवला असेल? आतले त्यांनी खाल्ले की टाकले, हे मी विचारले नाही. भाजी मात्र आम्ही दुपारी लसणीवर परतून खाल्ली. थोडी कडू होती; पण भाकरीबरोबर ती फार छान लागली असती.