साध्या भिंगाचा कॅमेरा

छायाचित्रण हा धनिकांचा छंद आहे अशी समजूत आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांत फार दिवस रूढ होती, आणि ती अगदींच निराधार होती असें म्हणवत नाहीं. कॅमेरा, रोल, तो धुणें, प्रती काढणें, या प्रत्येक पायरीवर पैसा मोजावा लागे; आणि ज्या घरांत महिनाअखेरीस दुधाचा हिशेब दोनदां तपासला जातो, त्या घरांत हा खर्च चैनीच्याच सदरीं जमा व्हावयाचा. आज प्रत्येकाच्या खिशांत फोन आहे व फोनमध्यें कॅमेरा आहे. खर्चाची अडचण मिटली; परंतु तिच्या जागीं दुसरी समजूत येऊन बसली आहे. ती ही कीं, यंत्र जितकें महाग तितकें चित्र सरस. माझा चाळीस वर्षांचा अनुभव याच्या उलट आहे, आणि तो वाचकांपुढें ठेवावा एवढ्याच हेतूनें हे चार शब्द लिहीत आहें.

मुंबईला ही विद्या नवीन नाहीं. १८३९ सालीं पॅरिस येथें दागेरची कृति जगापुढें आली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, म्हणजे १८५४ सालीं, मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्यांत भाग घेणारे छायाचित्रकार होते. पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग निघाला, व तेथें शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनीं पुढें हाच व्यवसाय पत्करला. पण त्या काळीं कांचेच्या पट्ट्या, रसायनें व तिपाई यांचा संसार पाठीवर घेऊन हिंडावें लागे. सामान्य माणसाच्या आवाक्यांत ही कला आली ती १९०० सालीं, ईस्टमन यांच्या कोडॅक कंपनीनें एका डॉलरला ब्राउनी नांवाचा कॅमेरा विकावयास काढला तेव्हां. पुठ्ठ्याची पेटी, पुढें एक भिंग, मागें फिल्म, बस्स, एवढेंच.

त्या पेटीचें आपल्याकडील धाकटें भावंड म्हणजे बडोद्यास पूर्वीं तयार होणारा आग्फा क्लिक थ्री. माझ्याकडे तो १९८२ सालीं आला. एका सहकारी शिक्षकानें विकावयास काढलेला, जुना. त्यावर प्रकाशासाठीं ऊन व ढग एवढ्याच खुणा, आणि शटरचा वेग एकच. रोलवर बारा चित्रें निघत, प्रत्येक सहा सेंटिमीटर चौरस. उटी येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म मी त्यांत घालीत असें. इंदु म्हणजे चंद्र. चांदीच्या क्षारांवर चालणाऱ्या वस्तूला हें नांव ठेवणाऱ्याला संस्कृताची गोडी असली पाहिजे. तो कारखाना आतां बंद पडला आहे. परंतु त्या फिल्मवरील माझीं चित्रें अद्याप काळींपांढरीं स्वच्छ आहेत, आणि त्यानंतरचीं रंगीत चित्रें मात्र तांबूस पडत चाललीं आहेत.

क्लिकचें भिंग एकाच कांचेचें. १८१२ सालीं वोलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें सुचविलेल्या अर्धचंद्राकृति भिंगाच्या कुळांतलें तें आहे. अशा भिंगाचे दोष दोन. निरनिराळे रंग तें एकाच ठिकाणीं आणूं शकत नाहीं, आणि त्याची प्रतिमा सपाट नसून वाटीसारखी वक्र पडते, म्हणून कडा पुसट होतात. पण कारागिरांनीं या दोषांवर स्वस्त उपाय योजले. भिंगाचें छिद्र लहान ठेवलें म्हणजे जवळचें व दूरचें दोन्ही बऱ्यापैकीं स्पष्ट येतें. आणि कित्येक कॅमेऱ्यांत फिल्मच किंचित् वांकवून बसविली, म्हणजे वक्र प्रतिमेला वक्र आसन मिळालें. शिवाय निगेटिव्ह मोठें असल्यामुळें त्याच आकाराची प्रत निघे. चित्र फुगवावें लागत नसे. म्हणून दोषहि फुगत नसत.

पुढें भाच्यानें मला एक वापरलेला डिजिटल कॅमेरा दिला. त्याला लावावयास मीं चोरबाजारांतून एक जुनें रशियन भिंग आणलें, हेलिओस नांवाचें, अठ्ठावन्न मिलिमीटरचें. त्यांत सहा कांचा आहेत. त्यांची मांडणी मूळ जर्मन बायोटार भिंगाची. मध्यें एक धातूचें कडें बसविलें कीं नव्या देहाला जुना डोळा जडतो. यंत्र कांहींच आपोआप करीत नाहीं. अंतर हातानें कडें फिरवून जुळवावें लागतें. तिसरा कॅमेरा अर्थात् फोनमधला, ज्याचीं भिंगें प्लॅस्टिकचीं व आकारानें मुगाच्या डाळीएवढीं. या तिघांचा मी आलटून पालटून उपयोग करतों, आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे असें मला दिसतें. क्लिक म्हणतो, उन्हांत या, थोडे दूर उभे राहा. हेलिओस म्हणतें, सावकाश. फोन कांहींच म्हणत नाहीं. तो सर्वच टिपतो, आणि हाच त्याचा गुण व हाच दोष.

आतां या छंदाला गांभीर्य कसें आलें तें सांगतों. आमच्या कांदिवलीला १९०७ सालीं रेल्वेचें स्टेशन झालें. पुढें १९२० नंतरच्या दशकांत बॅकबेचा समुद्र बुजविण्यासाठीं येथील टेकडीचा दगड फोडून नेला; म्हणजे दक्षिण मुंबईच्या पायाखालीं थोडी कांदिवली आहेच. मग कारखाने आले, चारकोपच्या वसाहती झाल्या, आणि २०२२ च्या एप्रिलमध्यें डहाणूकरवाडीपासून आरेपर्यंत मेट्रो धांवूं लागली. बदलाची तक्रार करण्यांत अर्थ नाहीं. परंतु आमची बावीस बिऱ्हाडांची दुमजली चाळ पुनर्विकासाला गेली, तेव्हां पाडण्यापूर्वीं प्रत्येक दार त्यांतल्या माणसांसह टिपून ठेवावें असें मीं ठरविलें.

तळमजल्यावरील काकूंकडे क्लिक घेऊन गेलों. वय ऐंशींच्या पुढें. त्या म्हणाल्या, "मास्तर, माझा म्हातारीचा कसला फोटो काढतां? तो उंबरठा काढा. तिथें बसून ह्यांनीं तीस वर्षें पेपर वाचला." उंबरठा खरोखरच मध्यें झिजून खोलगट झाला होता. सकाळचें ऊन तिरपें पडलें होतें. त्या खोलगट भागांत सावली सांठली होती. कडा पुसट आल्या, परंतु मध्यभाग, जेथें दृष्टि जावयास हवी तेथें, लख्ख. त्यांच्या नातवानें त्याच वेळीं आपल्या महागड्या फोनवर तोच उंबरठा अधिक रेखीव टिपला होता. पुढें विरारला त्यांच्या घरीं गेलों असतां क्लिकची प्रत देवघराशेजारीं लावलेली दिसली. नातवाचें चित्र मागितलें, तेव्हां चार हजार चित्रांतून तें त्याला पाऊण तास सांपडलें नाहीं.

दुसरा प्रसंग याहून बोचरा आहे. वरच्या मजल्यावरील एक खोली रिकामी करतांना ट्रंकेंत एक जुनें समूहचित्र निघालें. स्टुडिओंत काढलेलें, पुठ्ठ्यावर चिकटविलेलें, उत्कृष्ट. अकरा माणसें, मध्यें पागोटें घातलेले गृहस्थ, शेजारीं नऊवारींतल्या बाई, पायाशीं मुलें. मागें एक अक्षर नाहीं. ज्या घराचे ते पूर्वज, त्या घरांतील एकालाहि एकहि चेहरा ओळखतां येईना. दोन दिवस चित्र जिन्यांत पडून होतें. तिसऱ्या दिवशीं रद्दीवाला घेऊन गेला. त्या भिंगाला किंमत पुष्कळ पडली असेल. त्याच्या पाठीवर शिसपेन्सिलीच्या दोन ओळी असत्या, तर तें चित्र आज कोणाच्या तरी भिंतीवर असतें.

येथें भासाच्या प्रतिमानाटकाचें स्मरण होतें. आजोळाहून परतणारा भरत अयोध्येच्या वेशीवरील प्रतिमागृहांत शिरतो. पुतळे सुरेख आहेत, तो कौतुकहि करतो. परंतु ते कोणाचे हें त्याला कळत नाहीं. देवकुलिक, म्हणजे तेथील पुजारी, एकेक नांव सांगतो: दिलीप, रघु, अज. मगच त्याला कळतें कीं आपण आपल्याच पूर्वजांपुढें उभे आहों. आणि ही दिवंगतांचीच मंदिरें आहेत हें कळल्यावर चौथा पुतळा पाहून पित्याचा मृत्यु त्याच्या ध्यानीं येतो. शिल्पकाराचें कौशल्य तेथें होतेंच. परंतु तें बोलतें झालें देवकुलिकाच्या मुखानें. घराघरांतील प्रतिमागृहें आज भरून वाहत आहेत. उणीव आहे ती देवकुलिकाची.

म्हणून माझें सांगणें अगदीं गृहस्थी स्वरूपाचें आहे. कॅमेरा कोणताहि असो, तो नवा घेण्यापूर्वीं आहे त्याचा स्वभाव ओळखावा. खिडकीच्या बाजूचा सौम्य प्रकाश कोणत्याहि भिंगाचे अर्धे दोष झांकतो. चेहऱ्याबरोबर माणसाचें काम टिपावें: निवडणटिपण करणारे हात, चष्मा वर ढकलून सुईंत दोरा ओंवणारी आई, शाळेचें दप्तर भरणारें मूल. सणासुदीचीं चित्रें सर्वच काढतात. मंगळवारच्या दुपारचें चित्र कोणी काढीत नाहीं, आणि मागाहून हुरहूर लागते ती त्या दुपारचीच.

आणि वर्षाच्या शेवटीं, फोनमध्यें हजारों चित्रें असलीं तरी, बाराच निवडावीं. क्लिकच्या रोलवर बाराच मावत. ती मर्यादा गरिबीनें घातलेली होती, परंतु शहाणपणाची होती. त्या बारांच्या कागदावर प्रती काढून घ्याव्या. प्रत्येकीच्या मागें मऊ शिसपेन्सिलीनें, जोर न देतां, डावीकडून उजवीकडे नांवें, नातें, ठिकाण व तारीख लिहावी. हें काम घरांतील वडील माणसाला सांगावें. त्यांना एरवीं कोणी कांहीं विचारीत नाहीं, आणि नांवें त्यांनाच ठाऊक असतात. एका वर्षास एक लहानसा लिफाफा पुरतो. आमच्या घरीं असे अकरा लिफाफे झाले आहेत. माझी सहा वर्षांची नात त्यांतलीं नांवें मोठ्यानें वाचते व मध्येंच विचारते, "आजोबा, हे कोण?" मला सांगतां येतें.