दातांचे बारा महिने

दाताचे वरचे कवच, म्हणजे एनॅमल, हा माणसाच्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. हाड मोडले तर सांधते, कातडी कापली तर भरून येते. एनॅमलला ती सोय नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताना नाहीशा होतात आणि पुढचे सगळे आयुष्य त्या एका घडणीवर काढावे लागते. किरकोळ डागडुजी तेवढी लाळ करते. तोंडातली आम्लता वाढून पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की कवचातले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागते. लाळेने आम्ल निवळले की लाळेतलीच खनिजे कवचात परत बसतात. ही देवघेव रोज चालू असते. ऋतू बदलला, ताटात आणि पेल्यात वेगळे पदार्थ आले, की तिचा तोलही बदलतो.

दाताशी आम्ल दोन वाटांनी पोहोचते. लिंबू, चिंच, कैरी, कोकम यांतले आम्ल थेट लागते. साखर आणि गूळ यांच्यात आम्ल नसते, पण दातांवरच्या चिकट थरातले जंतू त्यांवर जगतात आणि आम्ल तयार करतात. अमेरिकेतील रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात या थरातला पीएच मोजून पाहिला. साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच तिथला पीएच घसरतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. म्हणून एका बैठकीत खाल्लेले चार लाडू आणि दिवसभर तासातासाला खाल्लेला एकेक तुकडा यांत दातांना दुसरा प्रकार कितीतरी महाग पडतो. स्वीडनमधील विपेहोम येथे १९४० च्या दशकात झालेल्या अभ्यासातही हेच दिसले: दोन जेवणांच्या मधे खाल्लेल्या चिकट टॉफीने दात सर्वाधिक किडले. हा अभ्यास बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांवर, त्यांची संमती न घेता केला गेला. त्यातून मिळालेले ज्ञान वापरताना त्या माणसांचे दात जाणूनबुजून किडवले गेले होते, हे विसरता कामा नये.

मराठी घरात मुलाच्या दातांची आणि सणाच्या साखरेची गाठ बहुधा बोरन्हाणात पडते. डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा ओतला जातो आणि सांडलेला हलवा मुले वेचून तोंडात टाकतात. तीळ किंवा खसखशीच्या दाण्यावर पाकाची पुटे चढवून केलेला हा काटेरी दाणा चावण्यापेक्षा चघळलाच जास्त जातो. सहाव्या महिन्याच्या सुमारास सुरू होऊन अडीच-तीन वर्षांपर्यंत पुरे होणाऱ्या वीस दुधाच्या दातांचे एनॅमल कायमच्या दातांपेक्षा पातळ असते, त्यामुळे कीड लवकर आत शिरते. ‘पडणारेच दात, कशाला काळजी’ हे घरोघरी ऐकू येणारे बोलणे घातक आहे. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात, मुलाला जेवू देतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा धरून ठेवतात. हलव्याचे कौतुक त्या दुपारपुरते असावे. उरलेला डबा मुलाच्या हाताशी राहू नये, आणि झोपताना दुधाची गोड बाटली तर तोंडात राहूच नये. झोपेत लाळ जवळजवळ थांबते.

सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ येते. ती दुधाच्या दाढांच्या मागे, कुठलाही दात न पाडता उगवते. म्हणून आईवडील तिलाही दुधाचीच समजतात आणि अनेकांची हीच दाढ सर्वांत आधी किडते. तिच्या माथ्यावर खोल, अरुंद चिरा असतात. संक्रांतीच्या दिवसांत कडक पाकाची वडी किंवा चिक्की चावली की तिचा भुगा या चिरांत घट्ट बसतो, जीभ तिथे पोहोचत नाही, चूळ भरूनही तो निघत नाही. तीळ आणि शेंगदाणे यांचा यात काही दोष नाही, दोष पाकाचा. गूळ साखरेपेक्षा पौष्टिक म्हणून दातांना चालतो, हा समजही खरा नाही. गुळात मुख्यतः साखरच असते आणि तो चिकटही असतो. मऊ लाडू जेवणाबरोबर खावा, रात्री फ्लोराइडच्या पेस्टने दात घासावेत आणि चिरा फार खोल असतील तर दंतवैद्याकडून सीलंटचा लेप देऊन त्या बुजवून घ्याव्यात.

फ्लोराइडची दुसरी बाजूही महाराष्ट्राला ठाऊक आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात ते प्रमाणाबाहेर आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. उन्हाळ्यात उथळ विहिरी आटल्या आणि खोल बोअरवेलचे पाणी प्यावे लागले की मुलांच्या पोटात जास्त फ्लोराइड जाते. कायमच्या बहुतेक दातांचे कवच आठ वर्षांच्या आत घडते. त्या वयात हे पाणी वर्षानुवर्षे प्यायलेल्या मुलांचे दात पुढे पांढऱ्या-तपकिरी डागांचे होतात, काहींचे ठिसूळही. पेस्ट बदलून हे टळत नाही, त्यासाठी गावाला दुसरे पाणी मिळावे लागते.

उन्हाळा हा दातांचा खरा कसोटीचा काळ. शाळेच्या फाटकाशी परातीत ओल्या फडक्याखाली कैरीच्या फाका मांडलेल्या असतात. विक्रेता त्यांना मधे चीर देऊन तिखट-मीठ भरतो. फाक दिसताच तोंडाला पाणी सुटते, आणि हे सुटलेले पाणीच दातांचा पहिला बचाव असते. दोन-चार फाका खाऊन चूळ भरली तर फारसे काही बिघडत नाही. चिंचेची गोळी गालात धरून अख्खा तास काढणाऱ्याचे मात्र त्याच बाजूचे दात आंबतात आणि दुपारी पोळीचा घासही चावणे नकोसे होते. अशा वेळी कवचाचा वरचा थर मऊ पडलेला असतो. लगेच ब्रश फिरवला तर तोच थर खरवडून निघण्याची भीती असते. म्हणून आधी साध्या पाण्याने चूळ भरावी आणि ब्रशाला अर्धा-पाऊण तासाने हात लावावा.

पेयांनाही हाच न्याय. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते ३ च्या दरम्यान असतो, कोलाचाही साधारण तेवढाच. आणि कोलाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर असते. पन्हे, कोकम सरबत, लिंबू घातलेला उसाचा रस यांत आंबट आणि गोड दोन्ही एकत्र येते. ही पेये सोडण्याचे कारण नाही. पन्ह्याचा पेला जेवणाबरोबर रिकामा करावा, रसवंतीतला रस उभ्या उभ्या संपवावा. घातक आहे ते बाटली टेबलावर ठेवून संध्याकाळपर्यंत घोट घोट पिणे. काळाखट्टा गोळा याच कारणाने वाईट: तो पुन्हा पुन्हा रंगात बुडवून चोखतात, आणि शेवटी उरलेला बर्फ कडाकडा फोडताना कवचाला बारीक तडे जाऊ शकतात. ऊस दातांनी सोलण्याची हौसही पुढच्या दाताची कड उडवून जाते, दातात चांदी किंवा सिमेंट भरलेले असेल तर हमखास.

पावसाळा त्या मानाने सौम्य. भाजलेल्या कणसाच्या दाण्यांची साले हिरडीत रुततात आणि ती सुईने किंवा टाचणीने कोरण्याची सवय हिरडीला जखम करते, दोरा वापरावा. श्रावणात उपासाच्या दिवशी तोंड कोरडे राहते आणि साबुदाणा दातांच्या फटींत बसतो, तेव्हा पाणी अधिक प्यावे. दिवाळीत एका फराळाने काही होत नाही. येता-जाता डबा उघडून शंकरपाळे आणि चिवडा तोंडात टाकत राहिल्याने होते.

चाळिशीनंतर हिरड्या मागे सरू लागतात आणि दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर एनॅमल नसते. आतल्या डेंटिनमध्ये अतिसूक्ष्म नळ्या असतात. बर्फाचे पाणी लागले की त्यांतला द्रव हलतो आणि कळ मस्तकात जाते. मूळ विरघळायला ६.५ च्या आसपासचा पीएचही पुरतो, म्हणजे तरुणपणी निभावून गेलेली आंबट-गोड सवय आता निभत नाही. राखुंडीने किंवा कडक ब्रशने आडवे घासण्याने इथेच खाचा पडतात. मिशरीत तर तंबाखू असतो, त्यामुळे ती दातांपुरती राहत नाही. हिरड्या आणि तोंडाच्या कर्करोगापर्यंत जाते. ठणका लागल्यावर लवंग धरून ऋतू ढकलणे ही सर्वांत महाग पडणारी काटकसर आहे. खाच लहान असताना भरून घेतली तर दात वाचतो.

म्हातारपणी रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांवरच्या अनेक औषधांनी लाळ कमी होते. घशाला कोरड पडते म्हणून खिशात आवळा कँडी, लिंबाच्या गोळ्या किंवा खडीसाखर ठेवली जाते. आवळा कँडी आंबट, गोड आणि चिकट, तीनही एकदम; लाळ नसलेल्या तोंडात ती दिवसभर चघळली तर उघड्या मुळांना चहूबाजूंनी कीड लागते. त्यापेक्षा पाण्याचे घोट घ्यावेत, चघळायचेच तर बिनसाखरेचे काही घ्यावे आणि कोरड फार असेल तर औषध बदलता येते का हे डॉक्टरांना विचारावे. अर्धी कवळी असलेल्यांनी, विशेषतः आंब्याच्या दिवसांत, जेवणानंतर ती काढून धुवावी. रायवळ आंब्याचे तंतू आणि रस तिच्या तारांखाली अडकतात, आणि किडतात ते कवळीला आधार देणारे उरलेसुरले स्वतःचे दात. रात्री ती पाण्यात ठेवून ते दात वेगळे घासावेत.