पितृपक्षातलं लग्न

आमच्या बारामती-इंदापूरकडे ‘पळून गेली’ हे क्रियापद बहुतेक वेळा स्त्रीलिंगीच असतं. मुलगा आणि मुलगी दोघं मिळून निघून गेले, तरी पारावर बातमी येते ती ‘अमक्याची पोरगी पळून गेली’ अशीच. मुलाकडच्या आळीत तेच वाक्य ‘त्यानं पळवून आणली’ असं होतं. पळणं तिचं, पळवणं त्याचं. दोघांनी बसून, विचार करून, ठरवून केलं, हे सांगायला आमच्या बोलीत सुटसुटीत शब्द नाही.

इंग्रजीत याला एलोपमेंट म्हणतात. त्या शब्दालाही पूर्वी चोरीछुपेपणाचाच वास होता, पण गेल्या काही वर्षांत तिकडे त्याचा अर्थ पार बदलला. आता एलोपमेंट म्हणजे पाहुण्यांची यादी, हॉल, जेवणावळी हे सगळं टाळून दोघांनीच एखाद्या कड्यावर जाऊन लग्न करणं. सोबत एक फोटोग्राफर. तो नुसते फोटो काढत नाही. कुठला डोंगर, कुठली पायवाट, ऊन किती वाजता कुठून येईल, पाऊस आला तर काय, हे सगळं तोच ठरवतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात तर कायद्यानं पुरोहितही लागत नाही आणि साक्षीदारही लागत नाही. दोघांनी कागदावर सह्या केल्या की झालं लग्न.

मी लग्नाचे फोटो काढतो. बारामतीत माझा स्टुडिओ आहे आणि निम्मी कामं इंदापूर तालुक्यातली असतात. आमच्याकडची लग्नं ज्यांनी पाहिलीत त्यांना वेगळं सांगायला नको. रस्त्याकडेचं लॉन, एलईडी पडदा, ड्रोन, मानपानाचे फेटे, आणि मंगलाष्टकांच्या आधी पुढाऱ्यांची शुभेच्छापर भाषणं. एखादे साहेब यायचे असतील तर मुहूर्त त्यांची वाट बघतो. माझा अर्धा वेळ स्टेजवर चढणाऱ्या रांगेचे फोटो काढण्यात जातो. अल्बममध्ये नवरा-नवरी दर पानावर असतात, पण मधोमध कोणीतरी तिसराच असतो. दोघांचेच असे फोटो हवे असतील तर त्यासाठी प्रीवेडिंग. त्याला आमच्याकडे भिगवण, कुंभारगाव, उजनीचं पाणी. हिवाळ्यात होडीतून गेलं की मागे रोहित पक्ष्यांची गुलाबी ओळ मिळते.

एका श्रावणात एक मुलगी स्टुडिओत आली. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न मी केलं होतं, म्हणजे फोटो काढले होते. त्यांच्या घरी दोनदा जेवलोही होतो. ती पुण्यात नोकरीला होती. मोबाइलवर तिनं फोटो दाखवले. पांढरा झगा घातलेली नवरी, पायात ट्रेकिंगचे बूट, मागं बर्फाचा डोंगर, आणि दोघं मिळून नखाएवढी. “दादा, असं आपल्याकडं करता येईल का?”

मी म्हटलं, येईल की. किती जण असाल?

“आम्ही दोघं. आणि तुम्ही.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही फोटोची गोष्ट नाही. मुलाची जात वेगळी होती. कोणाची कोणती ते मी लिहीत नाही, कारण या दोन तालुक्यांत तेवढं सांगितलं तरी घर ओळखता येतं. घरी विचारून झालं होतं. उत्तर मिळालं होतं. दिवाळीनंतर तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात होणार होती.

अशा वेळी आमच्याकडे पहिलं नाव निघतं ते आळंदीचं. ‘आळंदीला जाऊन लग्न केलं’ एवढ्या चार शब्दांत पुणे जिल्ह्यात सगळा अर्थ कळतो. तिथल्या कार्यालयांत भटजी, हार, मंगळसूत्र, फोटो, प्रतिज्ञापत्र सगळं एकाच ठिकाणी मिळतं. ज्या गावानं विठ्ठलपंत आणि रुक्मिणीच्या संसाराला वाळीत टाकलं, त्यांच्या लेकरांना ‘संन्याशाची पोरं’ म्हणून हिणवलं, त्याच गावात आज घरच्यांनी नाकारलेली जोडपी लग्न लावायला जातात. मला हे नेहमी बरं वाटतं. पण तिला आळंदी नको होती. “तिथं गेलं की पळून गेल्यासारखं वाटतं,” ती म्हणाली. “आम्हाला पळायचं नाहीये. चढायचंय.”

मी दोघांना बसवून एकच गोष्ट सांगितली. आधी सही, मग डोंगर. कड्यावर हार घातलेला सुंदर फोटो पोलीस ठाण्यात कामाला येत नाही. तिथं दाखला लागतो. त्यांना धार्मिक विधी नको होते, म्हणून 1954 चा विशेष विवाह कायदा. त्यात विवाह अधिकाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात आधीचे किमान तीस दिवस राहत असावा लागतो. नोटीस कार्यालयात लावली जाते आणि तीस दिवस थांबावं लागतं. या काळात कोणीही हरकत घेऊ शकतो, पण ती वय, आधीचं लग्न, जवळचं नातं, मानसिक अक्षमता अशा ठरावीक कारणांवरच. जात वेगळी आहे हे कारण त्यात बसत नाही. दोघांचेही कायमचे पत्ते पुणे जिल्ह्यातलेच असल्यानं नोटिशीची प्रत दुसऱ्या जिल्ह्यात जाणार नव्हती. तरी भिंतीवर नाव, वय, पत्ता लागणारच. नोटिशींची वही कोणालाही फुकट पाहता येते. म्हणजे तीस दिवस फक्त एवढीच आशा, की बारामती-इंदापूरकडचं कोणी त्या भिंतीसमोर उभं राहून वाचणार नाही.

याच कायद्यात एक गंमतही आहे. लग्न कार्यालयातच लागावं असं नाही. वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या जागीही जादा फी भरून लावता येतं. मुलगा हे वाचून खूश झाला. त्याच्या डोळ्यांसमोर फाइल घेऊन गड चढणारे साहेब आले असावेत. मी म्हटलं, अंतर वाजवी असेल रे, चढ वाजवी नाही.

मग डोंगर शोधायला बसलो. आमच्या दोन्ही तालुक्यांत डोंगर म्हणावा असा डोंगर नाही. नीरा आणि भीमेच्या मधली सपाट काळी जमीन, ऊस, कालवे, आणि सुप्याकडचं चिंकाऱ्यांचं माळरान. सगळ्यात जवळचा मोठा उंचवटा म्हणजे साताऱ्याच्या माण तालुक्यातलं शिखर शिंगणापूर. तिथं चैत्रात शंभूमहादेवाचं आणि पार्वतीचं लग्न लागतं, कावडी मुंगी घाट चढतात. डोंगरावरच्या लग्नाला याहून चांगली जागा कुठली? पण तिथं आमच्याकडच्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी भेटतं. जेजुरीचंही तेच. लग्नानंतर नवऱ्यानं बायकोला उचलून पायऱ्या चढायच्या ही आपली जुनी साहसी पद्धत. आणि खंडोबानं बाणाईशी कसं लग्न केलं ते वाघ्या-मुरळी अजून रात्रभर गातात. धनगराच्या लेकीसाठी देव तिच्या घरी चाकरीला राहिला, याचं गावाला कौतुक असतं. देवाचं कौतुक घरातल्या पोरीपर्यंत येत नाही.

पुरंदर लष्कराच्या ताब्यात, तिथं उजाडायच्या आत जाता येत नाही. मुलाला राजगड हवा होता. मी नको म्हटलं. 2019 साली गडांवर हॉटेलं आणि लग्नसमारंभ होणार अशी बातमी आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. आणि तसंही गड म्हणजे सेट नव्हे, हे माझं स्वतःचं मत आहे.

शेवटी भोर तालुक्यातलं रायरेश्वर ठरलं. साडेचार हजार फुटांच्या आसपास उंचीचं लांबच लांब पठार. वर शंभूमहादेवाचं देऊळ आहे, जंगम कुटुंबांची वस्ती आहे, राहायची-जेवायची सोय होते. शिवरायांनी स्वराज्याची शपथ इथं घेतली अशी परंपरा. भोरहून आंबवडे, टिटेघर, कोर्ले करत गाडी खिंडीपर्यंत जाते आणि पुढं लोखंडी जिना. फोटोग्राफर म्हणून मला ते पठार एवढ्यासाठी आवडतं, की एका बाजूला राजगड-तोरणा दिसतात आणि दुसऱ्या बाजूला धोमचं पाणी.

तारीख मी सुचवली. पितृपक्ष. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आमचा धंदा थंडच असतो, पण त्यातही पितृपंधरवड्यात कोणी लग्नाचं नावही काढत नाही. त्या दिवसांत एखादी मुलगी दोन दिवस फोनवर मिळाली नाही तरी कोणाच्या मनात ती शंका येणार नाही. रायरेश्वरावर सोनकी आणि तेरडा फुललेला असतो.

राहिला प्रश्न साक्षीदारांचा. कोलोरॅडोत एकही लागत नाही. आपल्याकडे तीन लागतात. मुलाचा एक मित्र तयार झाला. दुसरं नाव त्यांनी माझं घेतलं.

मी दोन दिवस मागितले. दाखल्यावर साक्षीदाराची सही राहते आणि माझं दुकान तिच्या वडिलांच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर आहे. बायको म्हणाली, “अहो, सही केलीत तर पुढच्या सीझनला आपल्याला बोलावणार कोण?” प्रश्न खरा होता. लग्नाच्या फोटोंचं काम ओळखीवर चालतं, आणि एका घराशी वाकडं आलं की त्यांच्या सोयऱ्यांची दहा घरं जातात. पण मी हिशेब वेगळा करून पाहिला. कॅमेऱ्यामागं उभं राहून मी पाचसहाशे लग्नं पाहिली असतील. हजारो माणसं अक्षता टाकतात, त्यातल्या किती जणांनी त्या दोघांना ‘तुम्हाला हे लग्न करायचंय ना?’ असं विचारलेलं असतं? इथं निदान मला उत्तर माहीत होतं. मी हो म्हणालो. बायको दोन दिवस कमी बोलली आणि तिसऱ्या दिवशी तिनं मुंडावळ्या आणून दिल्या.

तिसरी साक्षीदार म्हणून मुलीची आत्या आली. वडिलांची थोरली बहीण. पुण्यात राहणारी, साठी ओलांडलेली. तिला कसं विचारलं ते मला माहीत नाही. पितृपक्षाचा विषय निघाला तेव्हा मी जरा चाचरतच म्हटलं, आत्या, मुहूर्त वगैरे तुम्हाला चालेल ना? ती म्हणाली, “चालंल की. जित्यांपैकी कोणी येणार न्हाई. पित्रं तरी येत्याल बघायला.”

कार्यालयात वीस मिनिटं लागली. कायद्यातलं वाक्य साधं आहे. मी तुला माझा कायदेशीर पती, माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारते, स्वीकारतो. आपल्याला समजेल त्या भाषेत, अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर म्हणायचं. आत्यानं सही सावकाश, पूर्ण नाव लिहून केली. पेन खाली ठेवताना म्हणाली, “माझ्या वेळंला मला कुणी इचारलं नव्हतं.” त्यावर कोणी काही बोललं नाही. बाहेर आल्यावर आम्ही सज्ञान आहोत, स्वखुशीनं लग्न केलंय, असा अर्ज दोघांनी पोलिसांकडे दिला आणि दाखल्याची प्रत जोडली. दोन सज्ञान माणसांनी ठरवलं की घरच्यांची किंवा समाजाची संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये शक्तिवाहिनी प्रकरणात स्पष्ट सांगितलंय. सांगितलंय तरी अर्ज द्यावा लागतोच. मग तिनं वडिलांना फोन केला. बोलणं फार झालं नाही.

संध्याकाळी खिंडीत पोचलो. आत्यानं लोखंडी जिना एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं भाचीचा हात धरून चढला. वर जंगमांच्या घरी पिठलं-भाकरी खाल्ली. हार ओल्या फडक्यात गुंडाळून थर्मोकोलच्या पेटीत ठेवले होते. कॅमेरा मी मुद्दाम रात्रभर पडवीत ठेवला, कारण गारठ्यातून एकदम उबेत नेला की काचेवर वाफ धरते. पहाटे पाचला बाहेर आलो तर दहा पावलांपलीकडचं दिसेना. ढग पठारावर उतरला होता. राजगड नाही, तोरणा नाही, धोमही नाही. आठपर्यंत थांबलो. ढग हलला नाही.

2005 साली एव्हरेस्टच्या माथ्यावर पेम दोर्जी शेर्पा आणि मोनी मुलेपती या नेपाळी जोडप्यानं लग्न केलं होतं. एक शेर्पा, एक नेवार. प्राणवायूचे मुखवटे थोडा वेळ काढले, प्लास्टिकचे हार घातले आणि झालं. ते आठवून मी म्हटलं, चला, आपल्याला निदान श्वास तरी घेता येतोय.

कड्याच्या कडेपासून बरंच आत, सोनकीच्या फुलांत दोघं उभे राहिले. शालूखाली बूट. कालचंच वाक्य पुन्हा एकमेकांना म्हणाले, हार घातले. आत्यानं घरून पुडीत आणलेल्या अक्षता टाकल्या. मागं नुसतं पांढरं. तिला हवा होता तसा, नखाएवढी माणसं आणि अफाट डोंगर असा फोटो निघालाच नाही. निघाला तो तिघांचा. आत्या मध्ये, चेहरे स्वच्छ, डोळे कॅमेऱ्याकडे. ढगात ऊन नसतं, सावली नसते, त्यामुळे चेहऱ्यावरचं सगळं दिसतं.

घरी पाठवायला त्यांनी तोच निवडला. मला आधी वाटलं होतं, हे अगदीच साध्या ग्रुप फोटोसारखं दिसतंय. मग कळलं, आई-वडिलांना डोंगर बघायचा नसतो. पोरगी नीट उभी आहे का, कोण सोबत होतं, हे बघायचं असतं.

त्या सीझनला माझी चार कामं गेली. पाचवंही जाईल असं वाटत होतं, ते राहिलं.

मार्चमध्ये, कारखान्याचा हंगाम संपत आला असताना, तिचे वडील स्टुडिओत आले. पासपोर्ट साइज काढायचे होते. स्टुलावर बसले, टोपी नीट केली, काढून झाले. पैसे देताना म्हणाले, “त्यो फोटू हाय का तुझ्याकडं?” घरी पाठवलेला त्यांनी पाहिला होता की नाही ते मी विचारलं नाही. पडद्यावर काढून दाखवला. बराच वेळ बघत होते. “अक्का एवढ्या उंच चढली?” म्हटलं, चढल्या. “दम न्हाई लागला?” थोडा लागला. “अक्काचा चांगला आलाय,” म्हणाले. मोठा काढून मागितला, पाकिटात घालून घेतला, आणि त्याचे पैसे वेगळे मोजून ठेवले. मुलीबद्दल एक अक्षर काढलं नाही. पण फोटो आख्खा नेला.

आता वर्षातून दोन-तीन जोडपी तरी विचारतात. काहींना खरोखरच खर्च आणि गोंगाट टाळायचा असतो, घरचे राजी असतात. त्यांना मी थेट डोंगरांची यादी देतो. विधी करून हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी करणार असाल तर विधी खरोखर करा, असंही सांगतो. विधी न करता नुसता नोंदणीचा कागद केला तर ते लग्न होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये दिलाय. काही मात्र त्या मुलीसारखी असतात. मोबाइल पुढं करून बर्फाचा डोंगर दाखवतात. मी त्यांना बसवतो, चहा मागवतो आणि तीस दिवस कुठं राहणार ते विचारतो. दाखला कोणाकडे ठेवणार ते विचारतो. मग विचारतो की सही करणाऱ्या तिघांत घरातलं एक तरी माणूस आहे का. नसेल तर आत्या, मावशी, आजी, कोणीतरी आठवून बघा म्हणतो. बहुतेकांना थोड्या वेळानं कोणीतरी आठवतं.