वरचे पैसे

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो की माझी दोन कामं ठरलेली असतात. पहिलं म्हणजे आईच्या हातचं पोटभर खाणं. (आपल्या मेसमध्ये जेवणाऱ्याला याचं कारण सांगायला नको!) आणि दुसरं म्हणजे आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, दुकानाचा माळा झाडून देणं. दुकान बंद होऊन पंधरा वर्षं झाली, पण माळा काही रिकामा होत नाही.

या वेळी माळ्यावर बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा सापडला. हलवला तर खुळखुळ वाजला. खाली आणून आबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, डबा पंचावर उपडा केला आणि म्हणाले, "बस बापू. तुझं इंजिनिअरिंग बाजूला ठेव थोडं."

सगळ्यात आधी त्यांनी चारमिनारचं चित्र असलेलं एक नाणं उचललं. हा हाली शिक्का, म्हणजे निजामाचा पैसा. आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचा रुपयाही वेगळा होता. इंग्रजी अमलातल्या रुपयाला आमच्याकडे 'कलदार' म्हणत. सहा कलदार म्हणजे सात हाली. आबा सांगत होते, "मला पाढे येण्याआधी हा हिशेब येत होता." म्हणजे देश स्वतंत्र झाला तरी आबांच्या गल्ल्यात दोन राज्यांचे पैसे शेजारी शेजारी नांदत होते. पुढे पन्नासच्या दशकात हाली हळूहळू मागे घेतला गेला.

मग निघाली १९५० ची नाणी. मला वाटायचं, १५ ऑगस्ट १९४७ ला झेंडा बदलला तशी नाणीही लगेच बदलली असतील. तसं काही झालं नव्हतं. इंग्रज राजाच्या मुखवट्याची नाणीच तीन वर्षं चालली. १५ ऑगस्ट १९५० ला स्वतंत्र भारताची पहिली नाणी आली. राजाच्या जागी अशोकस्तंभावरचे सिंह आणि रुपयाच्या मागच्या बाजूला वाघाऐवजी धान्याची कणसं. आण्यावर बैल, पैशावर घोडा. चित्रं बदलली, पण हिशेब जुनाच राहिला : रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे एका रुपयात १९२ पै! 'पै-पैचा हिशेब' हा शब्द आपण सहज वापरतो, पण तो करताना काय होत असेल याची कल्पना करा.

त्यानंतर आबांनी तांबूस रंगाचं, नखाएवढं एक नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. 'नया पैसा', १९५७.

१९५५ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर भाग झाले. जुना पैसा आणि नवा पैसा यांत गोंधळ नको म्हणून मागे 'नया' लावलं. ते १ जून १९६४ ला काढून टाकलं. आपल्याला आज दशमान पद्धत म्हणजे काहीच वाटत नाही. पण जरा गणित करा. शंभर भागिले सोळा म्हणजे सव्वासहा. एका आण्याचे सव्वासहा नये पैसे. आता सव्वा पैसा कुठून आणायचा? म्हणून सरकारी तक्ता निघाला : एक आणा म्हणजे ६ नये पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९ आणि चार आणे म्हणजे बरोबर २५. आपल्या भाषेत 'राउंड ऑफ'. एक आण्याची वस्तू चार वेळा घेतली तर २४ पैसे आणि एकदम घेतली तर २५!

मला हे ऐकून मजा वाटली. मी म्हणालो, "आबा, आमच्या मेसमध्ये पण आम्ही हेच करतो."

इथे मला थोडं मागे जायला हवं. यंदा मी मेस सचिव आहे. ऑगस्टमध्ये माणशी बिल आलं २,८४६ रुपये ४० पैसे. सुट्ट्यांचा त्रास नको म्हणून आम्ही नोटीस बोर्डावर लावलं २,८५०. मुलं २१०. प्रत्येकी ३ रुपये ६० पैसे वर, म्हणजे ७५६ रुपये. त्यात कमिटीचे आम्ही चौघं एका रविवारी ढाब्यावर जाऊन आलो. पुढच्या महिन्यातही तेच. कोणी विचारलं नाही. तीन-साडेतीन रुपयांसाठी कोण विचारणार?

आबा हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "ते वरचे पैसे कोणाचे रे?"

"कोणाचेच नाहीत आबा. राउंड ऑफ आहे ते."

आबा थोडा वेळ नाणी लावत बसले. मग बोलू लागले. १९५७ साली ते सोळा वर्षांचे होते, शाळा सुटली की गल्ल्यावर बसायचे. एक म्हातारी रोज संध्याकाळी दोन आण्यांचं गोडं तेल न्यायची. एकदा तिने पावली दिली, म्हणजे चार आणे. दोन आणे परत द्यायचे. आबांनी तक्त्याप्रमाणे १२ नये पैसे दिले. पावली पंचवीसची, तेल बाराचं, परत दिले बारा. एक नया पैसा गल्ल्यात राहिला. म्हातारीला तक्ता वाचता येत नव्हता. पण तिने नाणी दोनदा मोजली आणि म्हणाली, "लेकरा, सरकार बदललं, पैसा बदलला, पर माझं काहीतरी कमी होतंया."

आबांनी तिला भिंतीवरचा तक्ता दाखवला. छापील कागदापुढे ती काय बोलणार? निघून गेली. रात्री आबांनी ही गोष्ट गंमत म्हणून त्यांच्या वडिलांना सांगितली. पणजोबांनी खतावणी पुढे ओढली, एक कोरं पान काढलं आणि वर लिहिलं, 'वरचे'. त्या दिवसापासून असा उरलेला प्रत्येक नया पैसा त्या पानावर गिऱ्हाइकाच्या नावाने मांडायचा आणि महिनाअखेरीस गुळाच्या खड्यात किंवा मिठात परत करायचा, असा दुकानाचा नियम झाला.

"तक्ता खोटा नव्हता," आबा म्हणाले. "पण उरलेला पैसा आपला आहे, असं तक्त्यात कुठं लिहिलं होतं?"

मी काही बोललो नाही. आबांनीही विषय वाढवला नाही. पुढची नाणी दाखवू लागले, पण माझं लक्ष अर्धंच होतं. चौकोनी पाच पैसे, नागमोडी कडेचे दहा पैसे. "अंधारातही बोटांना कळायचं," ते म्हणाले. १९६४ चे षटकोनी तीन पैसे. १९६८ चे कमळाचं चित्र असलेले पिवळेधमक वीस पैसे, जे लोक लक्ष्मीपूजनात ठेवायचे. मग हलकी ॲल्युमिनियमची नाणी, कारण धातू महाग होत गेला आणि नाण्याच्या किमतीपेक्षा आतला धातू जास्त किमतीचा झाला तर नाणं बाजारात टिकत नाही, वितळतं. १९८८ पासून स्टेनलेस स्टीलचे दहा, पंचवीस आणि पन्नास पैसे. गेंड्याची चवन्नी मी लहानपणी पाहिलेली आठवते. ३० जून २०११ ला पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. पन्नास पैसे कायद्याने आजही चालतात, पण दुकानदार घेतो का ते विचारू नका.

मला वाटलं होतं, पैसा संपला. पण मोबाईलवर पेमेंट करताना पाहा, रुपयानंतर टिंब देऊन दोन घरं अजून आहेत. नाणं गेलं, पैसा राहिला. म्हणजे 'सुट्टे नाहीत' ही आमची सबबही खोटीच होती.

होस्टेलवर परत आल्यावर मी चार महिन्यांचे कागद काढले. वरचे एकूण झाले २,६१८ रुपये. कमिटीच्या मित्रांना सांगितलं तेव्हा एकाने हात जोडले, दुसरा म्हणाला, "तू आता हरिश्चंद्र होणार का?" दोन दिवस माझ्याशी कोणी धड बोललं नाही. त्यांचंही चूक नव्हतं. ढाब्यावर जायची कल्पना माझीच होती. शेवटी निम्मे मी घातले, उरलेले तिघांनी कुरकुरत दिले.

२,६१८ भागिले २१०. माणशी १२ रुपये ४६ पैसे, पुढच्या बिलातून वजा. नोटीस बोर्डावर सगळा हिशेब लावला. लोकांनी वाचला, हसले, काहींनी पाठ थोपटली, एकाने खाली पेनाने लिहिलं, 'त्यापेक्षा पनीर वाढवा.'

भागाकार करून १ रुपया ४० पैसे उरले. तेवढे वाटता येत नाहीत. मेसच्या वहीत मी एक कोरं पान काढलं आहे. वर लिहिलंय 'वरचे', आणि खाली : शिल्लक १ रुपया ४० पैसे, सर्वांचे. पुढच्या सचिवाने तिथून सुरुवात करावी.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)