शेवटच्या दोन मिनिटांचा पाक

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात थंड कपाटापाशी प्लास्टिकमध्ये घट्ट आवळलेली हॅमची जाड चकती मिळते. मधोमध हाडाची गोल टिकली, कडेला चरबीची पांढरी पट्टी, बाकी सगळं गुलाबी. तिला इथे हॅम स्टेक म्हणतात. ग्रिल तापवायचं, चकती दोन्ही बाजूंनी शेकायची, वर ब्राउन शुगर आणि मोहरीच्या पेस्टचं चकचकीत आवरण चढवायचं, की दहा-बारा मिनिटांत ताटात वाढता येते. इतक्या साध्या पदार्थाबद्दल लिहायचं तरी काय, असं वाटू शकतं. पण इथे राहून वर्षानुवर्षं तो करत आल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. हा मांस शिजवायचा पदार्थच नव्हे, हा पाकाचा पदार्थ आहे. मांस हा त्या पाकाला बसायला दिलेला पाट आहे, फार तर. हे ज्याच्या लक्षात येत नाही तो एक तर साखर करपवतो, नाही तर मांसाचं चामडं करतो, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकाच फटक्यात साधतो.

मांस शिजवायचं नाही म्हणजे काय, ते आधी पाहू. हॅम म्हणजे डुकराची मागची तंगडी. दुकानातलं नेहमीचं हॅम मीठ, साखर आणि सोडियम नायट्राइट घातलेल्या पाण्यात मुरवतात. हल्ली ते पाणी सुयांनी थेट मांसात टोचतात. मग त्याला धुरी देतात आणि कारखान्यातच पूर्ण शिजवतात. शिजूनही ते गुलाबी का राहतं, याचं कोडं जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १९०१ मध्येच सोडवलं: नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड होतो, तो मांसातल्या तांबड्या रंगद्रव्याला चिकटतो आणि उष्णतेने तो रंग जाण्याऐवजी पक्का होतो. म्हणजे रंग पाहून ‘अजून कच्चं आहे’ असं ठरवणं इथे सपशेल चुकतं. आपल्याकडच्या माणसाचा हात नेमका इथेच अडखळतो. डुकराचं मांस नीट शिजवा, नाही तर पोटात जंत होतील, ही भीती आपण लहानपणापासून ऐकलेली असते, आणि कच्च्या मांसाबाबत ती रास्तच आहे. पण अमेरिकी कृषी खात्याने कच्च्या अखंड तुकड्यासाठीसुद्धा २०११ पासून ६३ अंश सेल्सिअस आणि वर तीन मिनिटांची विश्रांती एवढंच पुरेसं मानलं आहे. आणि तपासणी झालेल्या कारखान्यात पूर्ण शिजवून बंद केलेलं हॅम नुसतं ६० अंशांपर्यंत गरम करा, असं तेच खातं सांगतं. कच्च्या कोंबडीला लावलेला ब्रश पुन्हा पाकाच्या वाटीत बुडवायचा नसतो. हॅमच्या बाबतीत तो खुशाल बुडवता येतो.

मांस मुरवत ठेवण्याची आपली दुसरी सवयही इथे निकामी ठरते. आलं-लसूण, हळद, दही लावून रात्रभर ठेवलं की चव आत उतरते, हा अनुभव कच्च्या मांसाचा. इथे मीठ आधीच हाडापर्यंत पोचलेलं आहे आणि मांस आतून पाण्याने भरलेलं आहे. हे पाणी किती, ते वेष्टनावर लिहिलेलं असतं, आणि माझ्या मते या पदार्थाचं निम्मं यश त्या बारीक अक्षरांच्या वाचनात आहे. अमेरिकी नियमांनुसार नुसतं ‘हॅम’ असं लिहायचं असेल, तर चरबी वगळून उरलेल्या भागात प्रथिनं किमान २०.५ टक्के असावी लागतात. ‘हॅम विथ नॅचरल ज्यूसेस’साठी १८.५ टक्के चालतात, ‘हॅम, वॉटर अ‍ॅडेड’साठी १७ टक्के. त्याच्याही खाली गेलं की ‘हॅम अँड वॉटर प्रॉडक्ट’, आणि तिथे बाहेरून घातलेल्या ऐवजाची टक्केवारी छापावी लागते. हे आकडे सरकारी वाटतात, पण जाळीवर त्यांचा अर्थ लगेच दिसतो. पाणी फार असलेली चकती तापली की अंगातून पाणी सोडते, आणि जोवर पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या फार वर जाऊ शकत नाही. साखर कितीही लावा, तिला रंग येणार नाही. ती नुसती पाण्यात विरघळून निखाऱ्यांवर ओघळेल. मग स्वयंपाकी चिडून आच वाढवतो, चकती जास्त वेळ ठेवतो, आणि पाणी आटेपर्यंत मांस वाळून जातं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. प्रथिनं जास्त असलेलं हॅम, दीड सेंटीमीटर जाडीचं. दोन्ही बाजू कागदी रुमालाने कोरड्या टिपलेल्या. कडेच्या चरबीला तीन-चार ठिकाणी चिरा, कारण ती पट्टी आकसली की चकती वाटीसारखी वाकते आणि मधला भाग जाळीला टेकतच नाही. आणि सुरुवातीला वर काहीही लावायचं नाही. तेलाचा हलका हात, बस्स.

आता पाक. इथे मराठी माणसाला एक फायदा आहे, तो आपण वापरत नाही एवढंच. साखर किंवा गूळ किती वेळ आटवला की काय होतं, यासाठी आपल्या भाषेत एकतारी, दोनतारी, गोळीबंद अशी शब्दांची शिडीच आहे. एकतारी पाक ११० अंशांच्या आसपास होतो, चिक्कीचा १५० च्या आसपास, आणि त्याच्याही पुढे साखर तांबूस होऊन कडवटपणाकडे झुकू लागते. लोणावळ्याच्या चिक्कीवाल्याला कुणी सांगायला नको की शेवटच्या टप्प्यात कढईकडे पाठ फिरवायची नसते. हॅमवरच्या पाकाचं शास्त्र तेच आहे, फक्त कढईऐवजी मांसाचा पृष्ठभाग आणि वेळ अर्ध्या तासाऐवजी दोन मिनिटं. ग्रिलची तापलेली जाळी सहज २३० अंशांच्या वर असते. साध्या साखरेला रंग चढायला १६० च्या पुढे जावं लागतं, पण मधात भरपूर असलेलं फ्रुक्टोज ११० च्या आसपासच रंग धरू लागतं. त्यामुळे मध लावा, आरोग्याला बरा, म्हणणाऱ्यांचं हॅम सगळ्यात आधी काळं होतं. गुळाचंही थोडं तसंच. त्यात साखर मुख्य असली तरी फोडलेल्या साखरेचा अंश असतो, म्हणून तो ब्राउन शुगरपेक्षा हलक्या आचेवर धरावा लागतो. मी चार माणसांना पुरेल अशा अर्ध्या किलोच्या चकतीला चार मोठे चमचे ब्राउन शुगर, दोन चमचे डिजों मस्टर्ड, एक चमचा सफरचंदाचा व्हिनेगर आणि मिरपूड घेते, आणि हे मिश्रण चमच्याच्या पाठीवर बसेल इतकं आधी चुलीवर आटवून घेते. मीठ अजिबात नाही. आटवून घेण्याचं कारण वर आलंच आहे: पाणी जितकं आधी जाईल, तितकं ग्रिलवरचं काम कमी.

मग वेळेचा हिशेब आपोआप सुटतो. पहिली बाजू तीन-साडेतीन मिनिटं कोरडीच, जाळीच्या रेघा उमटेपर्यंत. उलटली की दुसरी तेवढीच. मग चकती जाळीच्या कमी आचेच्या भागात सरकवायची, वर पाक लावायचा, मिनिटभराने उलटून दुसऱ्या बाजूला, आणि बुडबुडे बारीक आणि दाट झाले की उतरवायची. कोळशाच्या ग्रिलमध्ये निखारे एका बाजूला ओढून ठेवले की ही दोन क्षेत्रं तयार होतात. चरबी गळून भडका उडाला तर झाकण लावायचं. हवा तुटली की ज्वाळा बसते. हे झाकणाचं गोल ग्रिल म्हणजे १९५२ मध्ये शिकागोजवळच्या एका धातुकारखान्यात जॉर्ज स्टीफनने पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाच्या अर्धगोलांतून काढलेली युक्ती.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा. कारखान्याने शिजवलेलं गरम करायचं आणि साखर लावायची, याला स्वयंपाक कशाला म्हणायचं? खरा मान ईस्टरला चुलीत तासन्‌तास भाजलेल्या अख्ख्या तंगडीचा. शरद ऋतूत डुक्कर मारायचं, हिवाळाभर मांस खारवायचं आणि वसंतात ते ताटात यायचं, या जुन्या शेतकरी चक्रात त्या तंगडीला जागा आहे हे मला मान्य आहे. पण ती तंगडीसुद्धा बहुतेक घरांत शिजवूनच आलेली असते. तासन्‌तास चालतं ते तिला गरम करणंच. शिवाय साध्या भूमितीचा मुद्दा आहे. चार किलोच्या तंगडीला पाक फक्त बाहेरून लागतो, आतल्या कापाला तो शिवतही नाही. ढोबळ हिशेब केला तर दीड सेंटीमीटरच्या चकतीत दर शंभर ग्रॅम मांसामागे पाक लागणारा पृष्ठभाग अख्ख्या तंगडीच्या तिप्पट-चौपट भरतो. ज्याला पाकाची गोडी आहे त्याला चकतीतच जास्त मिळतं. व्हर्जिनियाचं सुकं, महिनोन्‌महिने मुरलेलं हॅम मात्र वेगळं. त्या राज्याने १९२६ मध्ये स्मिथफील्ड गावाच्या हॅमची व्याख्या कायद्यानेच ठरवली, यावरून त्याचा मान कळतो. ते खारट इतकं की आधी पाण्यात भिजत ठेवावं लागतं. त्याला ग्रिल आणि साखर यांच्या तावडीत देऊ नये.

दुसरा आक्षेप आपल्या माणसांचा: मांसाला साखर? हा अमेरिकी पोरकटपणा आहे, असं म्हणणारे घरी मात्र चिंच-गुळाच्या आमटीत गुळाचा खडा कमी पडला तर तोंड वाकडं करतात. खारट आणि आंबट यांच्यात गोड येऊन बसतं तेव्हा ते मिठाई होत नाही, ते खारटाची धार बोथट करतं. हॅममध्ये खारट अगोदरच आहे, म्हणून गोड आणि आंबट बाहेरून द्यायचं. मोहरी आणि व्हिनेगर वगळून नुसती साखर लावणाऱ्याला मात्र पोरकट म्हणायला माझी हरकत नाही. गोव्याने डुकराचं मांस टिकवलं ते वेगळ्या वाटेने. तिथल्या चोरिस या सॉसेजमध्ये मीठ, ताडीचं व्हिनेगर आणि लाल मिरची हेच राखणदार, आणि ती शिजवूनच खायची. व्हिनेगर आणि मिरची तिथे मांसात मुरलेली असतात, इथे ती शेवटी वरून येतात. त्यामुळे चोरिसाचा हात हॅमवर चालवून वाटण चोळणारे फसतात. वाटण करपतं आणि आतलं हॅम जसंच्या तसं राहतं.

तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला मी पुरतं उत्तर देऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाणाऱ्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा अंदाज. हॅम त्यात येतंच. ‘अनक्युअर्ड’ असं छापलेलं महागडं हॅम घेऊन यातून सुटका होत नाही, कारण त्यातही बहुधा सेलरीच्या पुडीतून नायट्राइटच आलेलं असतं. मिठाचा भागही लहान नाही. शंभर ग्रॅम हॅममध्ये साधारण हजार मिलिग्रॅम किंवा जास्तच सोडियम असतं, आणि दिवसभराची मर्यादा दोन हजारांची सांगितली आहे. मला यातून एवढंच काढता येतं की हा रोजचा पदार्थ नव्हे, आणि सोबत मक्याचं कणीस, उकडलेला बटाटा, काकडी असं बिनमिठाचं काही असावं. कमी वेळ, कमी आच आणि न करपलेला पाक हे चवीसाठी लागतंच. जळकं मांस आणि चरबीचा धूर पोटात कमी जातो तो वरचा लाभ. पण त्याने नायट्राइट नाहीसं होतं असं मी म्हणणार नाही.

राहता राहिलं अननस. हॅमवर अननसाची चकती ठेवण्याच्या इथल्या पद्धतीला पुष्कळजण नाकं मुरडतात, डब्यातल्या अननसाला तर जास्तच. ताज्या अननसात ब्रोमेलिन नावाचं मांस मऊ पाडणारं द्रव्य असतं. ताजी फोड चकतीवर तासभर ठेवून दिली तर वरचा थर पिठूळ होतो. डब्यातलं अननस भरताना तापवलेलं असल्याने ते द्रव्य मेलेलं असतं. म्हणून ताजं अननस असेल तर ते हॅमवर न ठेवता शेजारी जाळीवर वेगळं शेकावं आणि ताटात एकत्र आणावं. डब्यातलं असेल तर पाकाबरोबर वर ठेवलं तरी बिघडत नाही. दोन्हींचा रस नीट निथळून घ्यायचा, नाही तर पुन्हा तोच पाण्याचा घोळ. आणि चकती उतरवल्या उतरवल्या, जाळी गरम आहे तोवरच, तिच्यावर सांडलेला पाक तारेच्या ब्रशने घासून काढायचा. थंड झाला की तो काचेसारखा बसतो, आणि मग चिक्कीच्या कढईसारखी जाळीही रात्रभर पाण्यात भिजत घालावी लागते.